पीव्हीटी पॅनेल: वीज आणि गरम पाणी एकाच पत्र्यातून, परवडतं का?

गच्चीवाला: पीव्हीटी म्हणजे नेहमीचंच सोलर पॅनेल, पण पाठीला चिकटवलेला नळ्यांचा पत्रा आणि त्यातून फिरणारं पाणी. गच्ची अपुरी असेल तिथे हेच घ्यावं. भर उन्हात नागपुरात पॅनेलमधले वीज बनवणारे सेल ६५ अंशांवर जातात. २५ च्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटते, म्हणजे १४ टक्के उडाले. पाण्याने सेल ४५ वर आणले की निम्मे परत, वर गरम पाणी.

हिशेबी: सेल ४५ वर ठेवलेत तर पाणी जेमतेम ४० चं. टाकीत ६० हवं असेल तर सेल ६० च्या वर जाणार, मग थंडावा कुठला? एकाच उसाचा रस दोनदा काढताय. आणि ते ७ टक्के म्हणजे ५४० वॉटच्या पॅनेलवर ३८ वॉट. पाणी फिरवणारा पंपच ३० खातो.

गच्चीवाला: एका पॅनेलला पंप कोण लावतं? आठांना तोच पुरतो. ४० अंशही वाया जात नाहीत: २५ चं पाणी ६० वर न्यायचं, त्यातले १५ अंश आधीच झाले. तरणतलावाला तर २८ पुरे.

रापलेला: पण पाणी एकामागून एक पॅनेलमधून नेलं की शेवटचं तापतं आणि अख्खी स्ट्रिंग, म्हणजे एकाच वायरीवर ओळीने जोडलेली सगळी पॅनेलं, मागे ओढतं.

पान्हा: नाही. तापल्यावर व्होल्टेज घटतं, करंट नाही. नुकसान त्या पॅनेलपुरतंच. स्ट्रिंग मागे ओढते ती सावली, कारण तिने करंट घटतो आणि तो सगळ्यांतून एकच वाहतो.

खरी कटकट प्लंबिंगची. बोअरचं जड पाणी थेट पत्र्यात सोडलं तर क्षार साचून नळ्या बुजतात. म्हणून बंद चक्र ठेवा: आत गंजरोधक मिसळलेलं पाणी, टाकीत कॉइल, म्हणजे नळीचं वेटोळं. पत्रा ॲल्युमिनियमचा असेल तर पितळी फिटिंग थेट जोडू नका, ॲल्युमिनियम खाल्लं जातं. सर्वांत उंच जागी एअर व्हेंट हवाच, नाहीतर हवा अडकून वरच्या पॅनेलमधून पाणी फिरत नाही. पॅनेल टाकीपेक्षा ७ अंशांनी गरम झालं की पंप चालू, फरक ३ वर आला की बंद. टाकी पॅनेलच्या खाली असेल तर चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) विसरू नका. रात्री कॉइलमधलं गरम पाणी आपसूक वर चढतं, गच्चीवर निवून खाली येतं; सकाळी टाकी कोमट!

हिशेबी: एवढा खटाटोप कशाला? १०० लिटर पाणी २५ वरून ६० वर न्यायला ४ युनिट उष्णता लागते. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा, खाल्लेल्या विजेच्या तिप्पट उष्णता देणारा हीट पंप ती सव्वा-दीड युनिट विजेत देतो. ५४० वॉटचं साधं पॅनेल दिवसाला दोनेक युनिट देतंच. शिवाय केंद्राच्या गच्चीवरच्या सोलरसाठीच्या सूर्यघर योजनेचं अनुदान फक्त विजेच्या किलोवॉटवर मिळतं, उष्णतेला दमडी नाही.

गच्चीवाला: मग पीव्हीटीचं कोमट पाणीच हीट पंपाला द्या. युरोपात तसंच करतात.

हिशेबी: तिथे हिवाळ्यात बाहेर शून्य अंश असतं, म्हणून फायदा. नागपुरात जानेवारीच्या दुपारीही हवा २८ ची, हीट पंपाला तीच पुरते. वसतिगृह किंवा तरणतलाव असेल तर तुमचं मान्य. चौघांच्या घराला नाही.