अनुभव धागा : नागपूरची चर्च, मंडळी आणि घरोघरच्या आठवणी

सदरवाली
२९ नोव्हेंबर १९७० ला आमची आजी नागपूरच्या सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात हजर होती. (कॅथेड्रल म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, अन् बिशप म्हणजे अनेक चर्चचा प्रमुख.) त्या दिवशी सहा वेगवेगळी चर्च एक झाली अन् चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं, तेही आपल्या नागपुरात! काय पाहिलंस विचारलं तर म्हणे, "गर्दी. मागं बसले, ऐकू काहीच आलं नाही." तुमच्या घरी काय सांगतात?

माजी हिस्लोपियन
मी ख्रिस्ती नाही, पण तीन वर्षं कॉलेजच्या नावानं स्टीफन हिस्लॉप रोज तोंडात. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला, तेव्हा इथं भोसल्यांचं राज्य. शाळा काढली, दगड अन् जीवाश्म गोळा केले. १८६३ च्या सप्टेंबरात बुटीबोरीजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळं (प्राचीन दगडांची वर्तुळं) पाहून परतताना पुरात बुडून गेला. कॉलेज त्यानंतर वीस वर्षांनी, १८८३ ला. हे सगळं मला कळलं कुठे? बुटीबोरीच्या चहाच्या टपरीवर, पासआउट झाल्यावर!

एसएफएसची
आम्ही कॅथलिक, त्या एकीकरणात नव्हतो. पण सदरमध्येच दोन कॅथेड्रल, ऑल सेंट्स अन् आमचं सेंट फ्रान्सिस डी सेल्स (एसएफएस), त्यामुळे मामाच्या लग्नात निम्मे पाहुणे ऑल सेंट्सला जाऊन बसले. नवरी वेगळीच दिसली तेव्हा उठले.

सदरवाली
😂 चूक पाहुण्यांची नाही. आमचं चर्च १८५१ चं, पण कॅथेड्रल झालं १९०३ ला, एअर चॅटरटन पहिले बिशप म्हणून आले तेव्हा.

पाळकाचा नातू
बिशपवरूनच आमच्या घरी पेच होता. आजोबा स्कॉटिश मिशनच्या वळणाचे, त्यांच्याकडे चर्चमधल्या ज्येष्ठांचा (वडील मंडळींचा) कारभार, बिशप नाहीच. १९७० नंतर बिशप आले. आजोबा रविवार चुकवत नसत, पण बिशपसाहेबांना शेवटपर्यंत "तुमचे साहेब" म्हणत. त्यांचा जीव खरा रमायचा कापणीच्या सणाच्या लिलावात. लोक घरची वांगी, संत्री, अंडी आणत. बोली जिंकणारा वस्तू परत चर्चलाच देई, की पुन्हा बोली. एका वर्षी एकच भोपळा चारदा विकला गेला. शेवटी आजोबांनी घेतला.

एसएफएसची
अन् भाजी?

पाळकाचा नातू
आजी म्हणाली, एवढ्या महागाचा भोपळा कापायचा नाही. महिनाभर कपाटावर होता.