मदत हवी आहे: गेममध्ये भारत आशियाला टेकतो आणि तिथेच थांबतो, हिमालय येतच नाही

अंधेरीकर:

नमस्कार मंडळी, एरवी मी इथे फक्त वाचत असतो, आज अडलोय म्हणून लिहितोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही तिघं जण नोकरी सांभाळून एक स्ट्रॅटेजी गेम बनवतोय. गेम सुरू होतो ७ कोटी वर्षांपूर्वी, तुम्ही एक वंश निवडायचा, म्हणजे मगर, साप, बेडूक, उंदराएवढे सस्तन प्राणी असं काहीतरी, आणि त्याला आजपर्यंत जगवून आणायचं. एक टर्न म्हणजे १० लाख वर्षं, एकूण ७० टर्न. (बेडूक कशाला असं प्रत्येक टेस्टर विचारतो. वरळीला लाव्हाच्या थरांमधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडलेत, मुंबईत बनलेल्या गेममध्ये बेडूक नसेल तर कुठल्या गेममध्ये असणार.)

आता खरी गंमत अशी की जमीन हलली पाहिजे. तेव्हा भारत दक्षिणेकडे समुद्रात एकटा होता, मादागास्कर सुटून गेलेलं, सेशेल्स अजून चिकटलेलं, आणि आशिया हजारो किमी लांब. प्लेअरचा बेडूक बेटावर अडकलाय, मग बेट आशियाला टेकलं की एकदम नवीन प्राणी आत घुसतात, हाच सगळा खेळ आहे. म्हणून नुसती व्हिडिओसारखी ठरलेली नकाशांची मालिका नकोय, प्रत्येक वेळी प्लेटा (पृथ्वीच्या कवचाचे सरकणारे मोठे तुकडे) थोड्या वेगळ्या हलायला हव्यात.

सध्या असं केलंय. पृथ्वीचा गोल ४०,९६२ खणांत वाटलाय, जवळपास सगळे षटकोन, १२ पंचकोन (ते टाळता येत नाहीत, डोकं आपटून झालं). एका हेक्सची, म्हणजे खणाची, रुंदी साधारण १२० किमी येते. प्रत्येक प्लेटला एक ऑयलर पोल (गोलावर ती ज्या बिंदूभोवती फिरते तो) आणि कोनीय वेग दिलाय, टर्न संपला की त्या प्लेटवरचे हेक्स जितके सरकायला हवेत तितके उचलून पुढच्या खणात ठेवतो.

होतं काय, की भारत सुरुवातीला मस्त पळतो, थोडा कमीच पळतो खरं तर, पण आशियाजवळ आला की मी खऱ्यासारखा वेग कमी करतो आणि तो टेकतो आणि मेल्यासारखा पडून राहतो, हिमालय नाही, तिबेट नाही, काही नाही. अटलांटिक तर ७० टर्नमध्ये एक हेक्ससुद्धा रुंद होत नाही. दुसऱ्या पद्धतीने करून पाहिलं, हेक्स उचलायचे नाहीत, प्रत्येक टर्नला शेजारच्या खणांच्या उंचीची सरासरी घेत थोडं थोडं सरकवायचं, तर प्लेटा हलतात पण विसाव्या टर्नपर्यंत किनारे सगळे पाघळतात, आफ्रिका आणि समुद्र ह्यात फरकच राहत नाही.

आणि तिसरं दुखणं वेगळंच आहे. दोन प्लेटा धडकल्या की डोंगर, हा माझा एकमेव नियम. त्यामुळे सह्याद्री येत नाही! कर्जतची ट्रेन पकडणाऱ्या माणसाला सह्याद्री नसलेला महाराष्ट्र कसा दाखवू?

गणित बारावीपर्यंतचं पक्कं आहे, क्वाटर्नियन (फिरवणं लिहून ठेवायचे चार आकडे) वापरता येतात, समजतात असा दावा नाही. कोणी हे केलंय का?

सेमीकोलन:

तुमचे पहिले दोन्ही प्रॉब्लेम एकाच जागेचे आहेत. टक्कर झाल्यावर भारताचा वेग किती ठेवलाय? वर्षाला ५ सेमी असेल तर १० लाख वर्षांत ५० किमी. तुमचा हेक्स १२० किमीचा. ५० म्हणजे अर्ध्यापेक्षा कमी, राउंड केलं की शून्य. दर टर्नला शून्य. अटलांटिक वर्षाला दोन-अडीच सेमी उघडतो म्हणजे टर्नला २५ किमी, तोही शून्य. आणि टकरीआधी भारत १५ सेमीने पळत होता म्हणजे १५० किमी, तो राउंड होऊन एकच हेक्स म्हणजे १२०, म्हणून तो तुम्हाला कमी पळतोय असं वाटतंय.

उपाय: हेक्स हलवूच नका. हेक्स फक्त दाखवायला. प्रत्येक प्लेटची स्वतःची एक वही ठेवा, त्यात कवचाची जाडी, प्रकार, वय, सगळं मूळ जागेवर लिहिलेलं, ते कधीच सरकत नाही. प्लेटसाठी फक्त एक क्वाटर्नियन, सुरुवातीपासून आत्तापर्यंत एकूण किती फिरली ते. दर टर्नला ह्याच क्वाटर्नियनमध्ये थोडी भर पडते, राउंडिंग कुठेच नाही.

मग चित्र काढताना उलटं जा. प्रत्येक हेक्सचा मध्यबिंदू घ्या, प्रत्येक प्लेटच्या उलट क्वाटर्नियनने मागे फिरवा आणि त्या प्लेटच्या वहीत बघा की इथे कवच आहे का. एकाच प्लेटने हो म्हटलं तर काम झालं. कोणीच हो म्हटलं नाही तर ती भेग, तिथे नवा समुद्रतळ, वय शून्य, जवळच्या प्लेटच्या वहीत नोंद. दोघांनी हो म्हटलं तर टक्कर. १२ प्लेटा धरल्या तरी पाच लाखांच्या आत लुकअप (वहीत बघणं) होतात, टर्नला एकदाच करायचं म्हटल्यावर जुना लॅपटॉपही हसत करेल. आणि दर वेळी मूळ वहीतूनच वाचताय, त्यामुळे पाघळणं बंद. सरासरीची सरासरी काढत गेलं की असंच होणार ना.

काळाकातळ:

वरचं बरोबर आहे, मी दगडाच्या बाजूने बोलतो (निवृत्त आहे, भूगर्भशास्त्र शिकवायचो, कोडिंगमधलं मला काही कळत नाही).

टक्कर झाली की कोण खाली जाणार हे वयावर ठरवा. समुद्री कवच साधारण ७ किमी जाड आणि जड, खंडाचं ३५-४० किमी आणि हलकं. समुद्र विरुद्ध खंड असेल तर समुद्र खाली. समुद्र विरुद्ध समुद्र असेल तर जो जुना तो खाली, कारण तो थंड होऊन जड झालेला असतो. वहीत वय ठेवलंत तर समुद्राची खोलीही फुकट मिळते. पार्सन्स आणि स्क्लेटर यांनी १९७७ मध्ये दिलेलं सूत्र आहे: खोली किमीमध्ये = २.५ + ०.३५ गुणिले वयाचं वर्गमूळ, वय दशलक्ष वर्षांत घ्यायचं. सात कोटी वर्षांपर्यंत छान चालतं, म्हणजे तुमच्या गेममध्ये बनलेल्या सगळ्या तळाला.

खंड विरुद्ध खंड असेल तर कोणालाच बुडवू नका. जाडी पुसायची नाही, शेजारच्या खणांत ढकलायची. उंची जाडीवरून काढा: कवचाची घनता २.८ आणि प्रावरणाची, म्हणजे कवचाखालच्या जड थराची, ३.३ धरली तर जास्तीच्या जाडीचा साधारण १५ टक्के भाग वर दिसतो, बाकी मुळासारखा खाली जातो. तिबेटखाली कवच सुमारे ७० किमी आहे, म्हणजे नेहमीपेक्षा ३५ जास्त, त्याचे १५ टक्के ५ किमीच्या आसपास. तिबेटचं पठार बघा किती उंचीवर आहे. तुमच्या कोडने हे उत्तर दिलं तर टक्कर नीट बसली असं समजा.

प्लेटांचे वेग प्रत्येक खेळात वेगळे हवेत म्हणता, पण वाट्टेल ते आकडे टाकू नका बरं का. ज्या प्लेटच्या कडेचा मोठा हिस्सा दुसरीखाली बुडतोय ती वेगात जाते, बुडणारा भागच तिला ओढत नेतो. फॉर्सिथ आणि उयेदा यांनी १९७५ मध्ये हे दाखवलं. पॅसिफिक म्हणून जलद, आफ्रिका म्हणून सुस्त. बुडणारी कड संपली की वेग आपोआप पडेल, भारताचा हाताने कमी करावा लागणार नाही.

अंधेरीकर:

काका, तुम्ही आणि सेमीकोलन, दोघांना वडापाव लागू. ५० किमीचं शून्य हे इतकं समोर होतं आणि आम्ही महिनाभर टकरीचा कोड उसवत बसलो होतो. काल रात्री उलट लुकअप टाकला, अटलांटिक उघडला! पण सह्याद्रीचं काय? आणि दख्खनचा लाव्हा? तो इव्हेंट म्हणून हवाय पण टर्नमध्ये बसत नाही.

काळाकातळ:

सह्याद्री टकरीचा डोंगर नाहीच, म्हणून तुमच्या नियमात बसत नाही. सेशेल्स सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी सुटलं, जमीन फाटली, फाटलेली कड उचलली गेली आणि मग नद्यांनी झिजवत झिजवत तो कडा पूर्वेला मागे नेला. पनवेलच्या बाजूला लाव्हाचे थर पश्चिमेकडे कललेले दिसतात ते ह्याच भानगडीतले. तर नियम असा करा की नव्या समुद्राला लागून जी खंडाची कड आहे तिला थोडी उचल द्यायची.

हॉटस्पॉट (खोलातून तापलेला खडक सतत वर येतो ती जागा, दख्खनचा लाव्हा त्याचाच) मात्र कुठल्याही प्लेटच्या वहीत लिहू नका. गॅस एका जागी पेटलेला आणि वरून तवा सरकतोय, असं ते आहे. रियुनियनचा (हिंदी महासागरातलं बेट) हॉटस्पॉट जागेवर ठेवा आणि भारत वरून जाऊ द्या, आधी दख्खन, मग लक्षद्वीप, मालदीव, छागोस ही ओळ आपोआप पडेल. नाही पडली तर फिरवण्यात गडबड आहे.

भांडुपची_ताई:

मी बोर्ड गेम डिझाइन करते, म्हणून दोन गोष्टी.

सह्याद्री हेक्सच्या आत टाकू नका. कोकणपट्टी ५०-६० किमीची, तुमचा हेक्स १२० चा, म्हणजे मुंबई, घाट आणि लोणावळा सगळं एकाच खणात. घाट हा हेक्सच्या कडेवर ठेवा, जशा खूप गेममध्ये नद्या कडेने जातात. त्या कडेतून जायला बेडकाला दुप्पट खर्च, आणि पाऊस घाटाच्या समुद्राकडच्या बाजूलाच पडणार. प्लेअरला डोंगराची उंची कोण विचारतंय, त्याला अडायला झालं पाहिजे.

लाव्हाचं म्हणाल तर मुख्य उद्रेक १० लाख वर्षांच्या आतच आटोपला, म्हणजे तुमचा एक टर्न. सगळ्यात मोठी घटना आणि प्लेअर एकदा बटण दाबून पुढे गेला की संपली, असं नको. तो टर्न फोडा. चार-पाच छोटे टर्न करा, त्यात प्लेटा हलवू नका, फक्त लाव्हा पसरतोय, राख, हवामान, आणि त्याच सुमाराला तिकडे मेक्सिकोला पडलेली उल्का. आज दख्खनचा लाव्हा सुमारे ५ लाख चौ. किमीवर उरलाय, तुमच्या हिशोबाने ४० हेक्स. बेडकाने कुठे पळायचं हा खरा निर्णय झाला की नाही? आणि अंधेरीला राहता तर गिल्बर्ट हिल घ्या की गेममध्ये, ते उभे खांब त्याच लाव्हाचे आहेत.

शेवटच्या टर्नला माणूस येणार असेल तर तिथेही प्लेटा थांबवा. लाख वर्षांत ५ किमी सरकतात, कोणाला दिसणार? तिथे समुद्राची पातळी हलवा. २० हजार वर्षांपूर्वी पाणी सुमारे १२० मीटर खाली होतं. मुंबई हाय, समुद्रातलं तेलक्षेत्र, किनाऱ्यापासून १६० किमीवर आहे आणि तिथे पाणी ७५ मीटरच्या आसपास. हिशोब तुम्हीच करा, तिथवर माणूस चालत गेला असता.

अंधेरीकर:

ताई, घाट कडेवर! हे आज रात्रीच. गिल्बर्ट हिल आमच्या डोंबिवलीच्या आर्टिस्टने आधीच काढून ठेवलाय, मीच नको म्हणत होतो.

एकच शंका उरली. जिथे तीन प्लेटा मिळतात तिथे कधी तिघीही हो म्हणतात आणि तो हेक्स दर टर्नला मालक बदलतो, नकाशावर लुकलुकतो. काय करू?

सेमीकोलन:

आधी काकांचा नियम लावा, खंड असेल तर खंड वर, नाहीतर नवा समुद्र वर. तरीही बरोबरी झाली तर मागच्या टर्नला ज्याच्याकडे होता त्याच्याकडेच ठेवा. आणि प्राण्यांचे कळपही हेक्सला बांधू नका, प्लेटच्या वहीतल्या बिंदूला बांधा, नाहीतर जमीन पुढे आणि बेडूक मागे समुद्रात, असा बग रिपोर्ट येईल.

अंधेरीकर:

आलाय तो. डोंबिवलीहूनच.