मदत हवी आहे: तबला सांभाळून अभिनय आणि मार्शल आर्ट्स, बडोद्यात
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ, वय ३१, तबला वाजवतो. आता त्याला अभिनयात जायचंय, तेही मारामारीच्या भूमिकांसाठी. म्हणून घराजवळच्या आखाड्यात लाठी शिकायला लागला. गेल्या आठवड्यात उजवी तर्जनी सुजली. चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कडेच्या पट्टीवर, ‘ना’ हा बोल उमटेना, तेव्हा त्याचे डोळे भरून आले. घर अजून शिकवण्यांवरच चालतं हो!

सयाजीरावांनी १८८६ साली काढलेल्या गायनशाळेचीच आज एम.एस. विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी झालीय, तिथे नाट्यविभागही आहे. या वयात तिथे कुणी प्रवेश घेतलाय का? आणि तायक्वांदोसारखं, पायांवर जास्त भर असलेलं, बोटं जपून शिकवणारं कुणी माहीत आहे का? आईला अजून काही सांगितलेलं नाही.