मथळ्याखालचा पानबदल: नियमावर सोपवावा की सक्तीने घालावा?

चर्चाप्रस्ताव

प्रोग्रामने तयार होणाऱ्या अहवालात मथळा पानाच्या तळाशी एकटा उरतो आणि त्याचा मजकूर पुढच्या पानावर जातो, तेव्हा बहुतेक जण मथळ्याआधी सक्तीचा पेज ब्रेक घालून मोकळे होतात. हे मला साफ चुकीचे वाटते. साच्यात माहिती भरली जाईपर्यंत मजकुराची लांबी कोणालाच ठाऊक नसते. उद्या वरच्या परिच्छेदात दोन ओळी वाढल्या, की त्या पुढच्या पानावर जातात, लगेच तो ब्रेक येतो आणि दोन ओळींचे, बाकी कोरे पान छापले जाते. त्यापेक्षा वर्डमध्ये मथळ्याच्या स्टाइललाच ‘कीप विथ नेक्स्ट’ (पुढच्या परिच्छेदापासून तुटू न देणारी खूण) लावावे आणि एचटीएमएलवरून (वेबपानाच्या मांडणीवरून) पीडीएफ करताना मथळ्याला ‘ब्रेक-आफ्टर: अव्हॉइड’, म्हणजे याच्या लगेच नंतर पान तोडणे टाळा, हा नियम द्यावा.

प्रतिसाद १

असहमत. नियम लिहिणे आपल्या हाती असले, तरी तो पाळणे इंजिनाच्या, म्हणजे पाने मांडणाऱ्या ब्राउझरसारख्या प्रोग्रामच्या हाती असते. क्रोमने छपाईत ‘ब्रेक-आफ्टर: अव्हॉइड’ पाळायला सुरुवात केली ती १०८व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ च्या अखेरीस, तोवर नियम असूनही मथळे तळाशी लटकतच होते. शिवाय करारपत्रासारख्या दस्तऐवजात प्रत्येक परिशिष्ट नव्या पानावरच सुरू व्हावे लागते, आणि तिथे सक्तीच हवी.

प्रस्तावकाचे उत्तर

परिशिष्टांबाबत मान्य, पण तिथेही हाताने ब्रेक घालण्याऐवजी स्टाइलमध्ये ‘पेज ब्रेक बिफोर’ (आपोआप नव्या पानावर सुरुवात) असावे. जुन्या क्रोमसाठीही वाट होतीच: मथळा आणि पहिला परिच्छेद एकाच डिव्हमध्ये (एचटीएमएलमधल्या चौकटीत) ठेवून त्याला ‘ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड’, म्हणजे आत पान तोडणे टाळा, हा नियम द्यायचा.

प्रतिसाद २

पहिला परिच्छेदच अर्ध्या पानाचा असेल, तर त्या डिव्हमुळे आधीच्या पानावर तेवढीच मोठी पोकळी राहते. मथळ्यासोबत दोन-तीन ओळी आल्या तरी वाचकाचे भागते. अख्खा परिच्छेद अडवून ठेवणे मला पटत नाही. तक्त्यांत तर हा अतिरेक फारच नडतो. आमच्या साच्यात कोणीतरी तक्त्याच्या प्रत्येक ओळीला ‘कीप विथ नेक्स्ट’ लावले होते. लहान तक्ते अर्धे पान रिकामे सोडून पुढे सरकत, आणि तक्ता पानापेक्षा मोठा झाला की वर्डला ती साखळी पाळणेच शक्य नसे.

प्रस्तावकाचे उत्तर

डिव्हबद्दलचा आक्षेप रास्त आहे. नवे इंजिन असेल तिथे तो डिव्ह काढूनच टाकावा. तक्त्यात मात्र मथळा, शीर्षओळ आणि पहिली नोंद एवढ्यांनाच बांधावे, म्हणजे दुसऱ्या नोंदीपासून तक्ता हवा तिथे तुटू शकतो.