प्रमुख स्थलांतरित असला की काय बदलतं?

प्रश्न असा, अमेरिकेत पोलीसप्रमुख स्वतः स्थलांतरित असल्याने फरक काय पडतो? ह्यूस्टनचे माजी प्रमुख आर्ट असेवेदो बघा. क्यूबात जन्म, १९६८ साली चार वर्षांचे असताना अमेरिकेत. आधी कॅलिफोर्निया हायवे पॅट्रोल (राज्याचे महामार्ग पोलीस), मग प्रमुख म्हणून २००७ पासून ऑस्टिन, २०१६ अखेर ह्यूस्टन. एप्रिल २०१७ मध्ये त्यांनी आकडा मांडला: पहिल्या तिमाहीत लॅटिनोंकडून (लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांकडून) येणाऱ्या बलात्काराच्या तक्रारी आदल्या वर्षीपेक्षा ४२.८ टक्क्यांनी घटल्या. हद्दपारीच्या धास्तीने, असं त्यांचं म्हणणं. कारण सिद्ध करणं अवघड, पण प्रमुखाने ते जाहीरपणे बोलणं मोलाचं.

खरा फरक मात्र सहीत असतो. ठरावीक गुन्ह्यांना बळी पडून तपासात मदत करणाऱ्या स्थलांतरिताला अमेरिकेत राहण्यासाठी 'यू व्हिसा' मागता येतो. घरगुती हिंसाचारही त्यात येतो, म्हणजे एच-४ वरच्या (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या) आपल्या बायकांनाही लागू. त्यासाठी आय-९१८ या अर्जाची 'पुरवणी बी' पोलिसांनी किंवा अन्य तपासयंत्रणेने सही करून द्यावी लागते. सही करायची की नाही, हे केंद्रीय कायद्यानुसार त्यांच्या मर्जीवर! सहीनंतर सहा महिन्यांत अर्ज गेला नाही तर ती बाद, नवी आणा. वर्षाला मुख्य अर्जदारांना १०,००० व्हिसे, त्यामुळे रांग वर्षानुवर्षांची.

बाकी, स्थलांतरित असणं म्हणजे कवच नव्हे. क्यूबनांच्याच मायामीत प्रमुख झालेल्या असेवेदोंना २०२१ मध्ये सहाएक महिन्यांत घरी बसवलं.