स्वित्झर्लंड रोड ट्रिप: दोन फॅमिली, चार मुलं. एक मोठी व्हॅन की दोन गाड्या?

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. ऑगस्टमध्ये आम्ही चौघं विमानाने झुरिकला उतरतोय आणि माझी कॉलेजची मैत्रीण नवरा-मुलांसकट म्युनिकहून स्वतःच्या गाडीने येतेय. आम्ही दोघी सहा वर्षांनी भेटणार, मुलं तर एकमेकांना नुसती व्हिडिओ कॉलवर ओळखतात. वयं ११, ९, ६ आणि ४.

झुरिकहून ब्र्युनिग पासमार्गे लाउटरब्रुनेन, तिथे चार रात्री, मग ग्रिम्सेल आणि फुर्का पास करून आंदरमाट आणि दोन रात्री ल्युझर्न, असं ठरतंय.

माझं मन व्हॅनकडे ओढतंय. नऊ सीटर साध्या कार लायसन्सवर चालते, आम्ही आठ जण, म्हणजे मुलं एकत्र दंगा करणार आणि आम्हालाही बोलायला मिळणार, नाहीतर भेटायला एवढ्या लांब जायचं आणि दिवसभर वेगवेगळ्या गाड्यांत बसायचं हे मला पटतच नाहीये. पण आठ जण बसल्यावर आठ जणांच्या बॅगा मावतात का? शिवाय तिकडे १२ वर्षं किंवा १५० सेंमी उंची होईपर्यंत चाइल्ड सीट लागते, म्हणजे चारही मुलांना लागणार. ज्यांनी अशी व्हॅन घेतलीय त्यांनी चार सीट नेमक्या कशा बसवल्या ते प्लीज सांगा.

नवऱ्याचं म्हणणं, मैत्रिणीची गाडी आहेच, आपण एक छोटी घेऊ, मुलं आलटूनपालटून बसतील. तिला फक्त ४० फ्रँकचं विन्येट (तिकडच्या हायवेचा टोल पास) घ्यावं लागेल, भाड्याच्या स्विस गाडीला ते असतंच. आणि लाउटरब्रुनेनच्या वरच्या वेंगेन, म्युरेन या गावांत गाडी जातच नाही, तिथे ट्रेन नाहीतर केबलकारच, मग ते चार दिवस महागडी व्हॅन पार्किंगमध्येच उभी राहणार, हे त्याचं बरोबर आहे.

खरी काळजी ९ वर्षांच्या लेकीची. वळणं सुरू झाली की तिला उलटी होतेच. ग्रिम्सेल २१६४ मीटर आणि फुर्का २४२९, दोन्ही एका दिवसात तिला झेपेल का, की आलो त्याच ब्र्युनिगने परत ल्युझर्नला जावं? फुर्काच्या रस्त्यावरची ऱ्होन हिमनदी मुलांना दाखवायची फार इच्छा आहे हो, म्हणून मन होत नाहीये सोडायचं. दोन गाड्या असतील तर तिच्यासाठी आमची थांबणार आणि दुसरी पुढे जाणार, ते तिला फार लागतं.

अजून एक, मैत्रिणीने आपली गाडी झुरिकला ठेवून व्हॅनमध्ये यायचं तर पार्किंगचा खर्च निम्मा आम्ही द्यावा ना? तिला विचारलं तर ती नकोच म्हणेल.