शिक्षकांच्या मेळाव्यात गावाने बोलावं आणि आपण ऐकावं: हवं की नको?

मोहफूल

मेळघाटात जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझं हे सातवं वर्ष. पहिल्या वर्षी माझ्या हातून घडलेली एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं म्हणणं तिच्यातूनच निघालं आहे.

पहिलीचा वर्ग. चित्रतक्त्यावर वाघ. मी विचारलं, "हे काय आहे?" मागच्या ओळीतला एक मुलगा उभा राहून मोठ्याने म्हणाला, "कुला." मराठीत त्या शब्दाचा काय अर्थ होतो हे सांगायला नको. मराठी बोलणाऱ्या घरांतली दोन-तीन मुलं फिदीफिदी हसली. मला वाटलं, पोरगा वात्रटपणा करतोय. तासभर दाराशी उभं केलं त्याला. कोरकूत, म्हणजे इथल्या आदिवासींच्या भाषेत, वाघाला कुला म्हणतात हे मला चार महिन्यांनी कळलं, तेही शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडून. पोराचं उत्तर बरोबर होतं. व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला घर असलेल्या त्या मुलाला वाघ माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता. त्या वर्षात तो वर्गात पुन्हा आपणहून बोलला नाही.

कोरकू म्हणजे मोडकीतोडकी मराठी, असं आमच्यातल्या अनेकांना आजही वाटतं. ती मुंडा कुळातली भाषा आहे, संथाळी-मुंडारीची बहीण. मराठीच्या कुळाशी तिचा संबंध नाही. पाण्याला डा म्हणतात. म्हणजे सहा वर्षांचं पोर शाळेच्या उंबऱ्यावर आपली सगळी भाषा काढून ठेवतं आणि रिकाम्या हाताने आत येतं. डी.एड.च्या दोन वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

गेल्या महिन्यात आम्ही जवळच्या चार शाळांच्या शिक्षकांनी आणि ढाण्यावरच्या, म्हणजे कोरकू वस्तीवरच्या, लोकांनी मिळून एक मेळावा घेतला. पुढाकार शाळा व्यवस्थापन समितीतल्या बायकांचा. स्टेज नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, हारतुरे नाहीत. शाळेच्या अंगणात संध्याकाळी सतरंज्या. एका आजींनी सुपात कोदो, कुटकी, सावा असे भरडधान्यांचे तीन ढीग मांडले आणि आम्हालाच विचारलं, कोणतं कोणतं ते सांगा. आम्ही अकरा शिक्षक होतो. दोघांना सांगता आलं. मग एक वडील उठले. म्हणाले, "माझं पोर घरी दिवसभर बोलतं. तुमच्या शाळेत मुकं का होतं?" बराच वेळ कुणाला उत्तर देता आलं नाही. त्या शांततेत मी जे शिकले ते कुठल्याच प्रशिक्षणात शिकले नव्हते.

केंद्रावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, दर महिन्याला शिक्षकांची शिक्षण परिषद होते. ती निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही, पण तिथे बोलणारेही आपण आणि ऐकणारेही आपण. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा असं आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत, जमेल तिथे, मातृभाषा म्हटलं आहे. ते साधायचं तर ज्याला ती भाषा येते असा माणूस लागतो, आणि तो शाळेपासून दोनशे पावलांवर राहतो. माझं म्हणणं एवढंच: प्रत्येक केंद्रात वर्षातून दोनदा असा मेळावा व्हावा, गावाने बोलावं, शिक्षकांनी ऐकावं, आणि तो वेळ आपल्या प्रशिक्षणात धरला जावा. तुम्हाला काय वाटतं?

खडूची धूळ

ताई, तुमची कळकळ खरी आहे. तरीही माझा विरोध आहे.

बावीस वर्षं नोकरी झाली. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग. मतदार यादीचं काम, पोषण आहाराच्या नोंदी, यूडायसवर शाळेची माहिती भरणं, शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे, आणि रोज व्हॉट्सॲपवर 'आजच्या आज माहिती पाठवा'. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम द्यायचं नाही. त्याच कलमातल्या निवडणुकीच्या नावाखाली वर्षभर याद्या फिरवतो आम्ही. अशात तुम्ही संध्याकाळी सतरंजी अंथरा म्हणता. आज तुम्ही मनापासून केलंत. उद्या त्याचं परिपत्रक निघेल, परवा फोटो अपलोड करायची लिंक येईल, आणि तेरवा केंद्रप्रमुख विचारतील, "मेळावा झाला का? उपस्थिती किती?" चांगल्या गोष्टीचं सक्तीत रूपांतर झालं की ती मरते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, एकदा नव्हे.

शिक्षकाला आधार द्यायचाच असेल तर त्याला तिसरा शिक्षक द्या. मग तो आपणहून गावात जाईल.

मोहफूल

सर, रिक्त जागांबद्दल तुमचा शब्द न् शब्द मान्य. पण तिसरा शिक्षक आला आणि त्यालाही कुला म्हणजे काय हे माहीत नसेल, तर दाराशी उभं राहणारं पोर तिथेच राहील. म्हणून तर हे जादा काम नको, कामाच्या वेळेत धरा म्हणते आहे. धोरणात शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला ५० तास सांगितले आहेत. त्यातले सहा तास गावाला द्या. लिंक भरून व्हिडिओ बघण्यापेक्षा ते जास्त कामाचे.

पालक_कोथरूड

मी शिक्षक नाही, पालक म्हणून लिहितोय. भाषेचं पटलं. पण या चर्चेत हळूहळू 'सामाजिक न्याय' येणार, मग जात येणार. शाळेत सगळी मुलं सारखी, हेच शिकवायला हवं ना? माझ्या मुलाला वर्गातल्या कुणाची जात माहीत नाही आणि मला तसंच बरं वाटतं. शिक्षकांना अशा मेळाव्यांत नेऊन आपण त्यांना मुलांकडे जातीच्या चष्म्यातून बघायला शिकवतो, ही भीती मला प्रामाणिकपणे वाटते.

सोलापूरकर

दादा, तुमच्या मुलाला कुणाची जात माहीत नसेल. ज्याला सोसावं लागतं त्या मुलाला स्वतःची माहीत असतेच, पहिलीपासून.

माझ्या वर्गातली गोष्ट सांगते. सहलीचे पैसे हरवले. मी सगळ्यात आधी दप्तर उघडलं ते पारधी मुलीचं. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप तिकडे गेला. पैसे दुसऱ्याच मुलीच्या कंपासपेटीत निघाले. पारधी मुलगी काही बोलली नाही, दप्तर पुन्हा भरत बसली. तिने प्रत्येक वही नीट लावली, एकेक, वर न बघता. ते मला अजून दिसतं. आता सांगा, मी जात बघत नव्हते का? बघतच होते, फक्त मला ते कळत नव्हतं.

पुढे ३१ ऑगस्टला, विमुक्त दिनाला, वस्तीवरच्या लोकांनी आम्हा शिक्षकांना बोलावलं. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा देशभरातून १९५२ साली त्या तारखेला गेला. सोलापुरात तर कुंपणाच्या आत वसाहत होती, त्या भागाला लोक अजून सेटलमेंट म्हणतात. हे सगळं मी तिथे पहिल्यांदा नीट ऐकलं. एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "हजेरी म्हटलं की माझ्या सासऱ्याच्या पोटात गोळा यायचा." त्यांच्या घरात हजेरी म्हणजे पोलिसांपुढची हजेरी. आणि मी रोज सकाळी तोच शब्द उच्चारून वर्ग सुरू करते. कायदा जाऊन सत्तर वर्षं उलटली, माझा हात मात्र तिच्याच दप्तराकडे गेला. चष्मा त्या मेळाव्याने दिला नाही, दादा, असलेला काढला.

पालक_कोथरूड

तुम्ही हे इतकं मोकळेपणाने लिहिलंत, त्याबद्दल आदर आहे. माझं मत सगळं बदललं असं नाही. मुलांसमोर हे कसं मांडायचं याची काळजी अजून आहे. पण शिक्षकांना हे माहीत असायला हवं, इथवर मी तुमच्यासोबत.

गिरणगावची

मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांतून चालतात. आमच्या एका इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू आणि तेलुगू. जिना एक, घंटा एक. शिक्षक मात्र चार खोल्यांत चार डबे उघडून बसतात. बारा वर्षांत मी उर्दू माध्यमाच्या बाईंशी परीक्षेच्या कामापलीकडे बोलले नव्हते. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला पालकांनीच सगळ्यांना एकत्र बसवलं, कारण सावित्रीबाईंबरोबर त्यांच्या सहकारी शिक्षिका फातिमा शेखही आल्याच. त्या दिवसापासून आमच्या खोल्यांची दारं उघडी असतात. बहुसांस्कृतिक शिक्षण बहुधा असंच सुरू होतं, डब्यापासून. माझा पाठिंबा.

सिपनाकाठचा

मी स्वतः कोरकू. आश्रमशाळेत शिकलो, आता स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. मोहफूल ताईंचा राग नाही, पण या धाग्यात आमच्याविषयी बरंच बोलून झालं, म्हणून लिहितो.

मला मेळाव्यांची धास्ती वाटते. ९ ऑगस्टला, आदिवासी दिनाला, आम्हाला नाचायला बोलावतात. नाच झाला की चहा, फोटो, आणि गाडी परत. लहानपणी मी तीन वर्षं त्या रांगेत नाचलो. त्याच शाळेत वर्गात कोरकू बोललो तर मार होता. तेव्हा सुपातल्या कुटकीचं कौतुक वाचून मला आनंद होतो आणि भीतीही वाटते, की आमची आजी आता तुमच्या प्रशिक्षणातला कार्यक्रम होणार.

दुसरं. आजी जे शिकवते त्याचे पैसे कोण देतं? तज्ज्ञ मार्गदर्शक शहरातून आला तर त्याला मानधन आणि प्रवासभत्ता. आजीचा त्या दिवसाचा रोज बुडाला तर तो सेवाभाव. हे मला न्याय वाटत नाही.

तिसरं आणि मुख्य. कोरकू बोलणारा शिक्षक नेमा. पेसा भागातल्या, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या, भरतीसाठी आमची पोरं वर्षानुवर्षं थांबली आहेत. जोतीराव फुल्यांनी १८८२ ला हंटर शिक्षण आयोगापुढे हेच मांडलं होतं, की प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो शेतकरी-कष्टकरी वर्गातूनच तयार करा, ते लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील. तिकडे गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ ला स्वतःची गोंडी शाळा काढली, तर मान्यतेसाठी त्यांनाच झगडावं लागलं. तुम्ही आमची भाषा शिकताय ते चांगलंच. पण आम्ही शिकवू शकतो, हे आधी धरून चाला.

खडूची धूळ

सिपनाकाठचा म्हणतात तेच मी वेगळ्या बाजूने म्हणत होतो. आधी माणूस नेमा.

मोहफूल

सिपनाकाठचे दादा, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. रोज बुडाल्याचा मुद्दा मला सुचलाच नव्हता, आणि तो सुचायला हवा होता. आजींना आम्ही निघताना साडी दिली होती. आता वाटतं, ती भेट झाली, मोबदला नव्हे. पुढच्या वेळी शिक्षकाला मिळतो तसाच बोलणाऱ्याला मानधन, हा ठराव मी आमच्या समितीत मांडणार. समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदाच सांगतो, म्हणजे निर्णय त्यांच्याच हातात आहे.

नेमणुकीबद्दल मात्र एक सांगते. कोरकू शिक्षक यायलाच हवेत, त्यासाठी माझी सही कुठेही घ्या. पण ते येईपर्यंत या जूनमध्ये माझ्या पहिलीत चौदा मुलं बसणार आहेत. त्यांना थांबा म्हणता येत नाही. मेळाव्यानंतर आम्ही वर्गाच्या दाराशी एक तक्ता लावला, एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला कोरकू. मुलं स्वतः सांगतात, मी लिहिते, चुकले की मावशी दुरुस्त करतात. साठेक शब्द झाले. पहिला शब्द कुला लिहिला. ज्या मुलाला मी दाराशी उभं केलं होतं, तो आता सातवीत आहे. वाघाचं चित्र त्याच्याकडून काढून घेतलं. त्याला कारण सांगितलं आणि माफीही मागितली. तो नुसता हसला आणि पट्टे रंगवायला लागला.

पुढचा मेळावा मार्चमध्ये ठरवतो आहोत. तुम्ही याल का? नाचायला नव्हे, आम्हाला शिकवायला. विषय तुम्ही ठरवा.

सिपनाकाठचा

मार्चमध्ये तारीख बघून धरा. मोह गळायला लागला की बायका पहाटेच जंगलात जातात, संध्याकाळपर्यंत दमतात, कुणी येणार नाही. आणि होळीच्या दिवसांत तर मुळीच नको. बाहेर कामाला गेलेले सगळे होळीला घरी येतात, फगवा, म्हणजे होळीची ओवाळणी, मागत फिरतात. ते परत जायच्या आत एखादा दिवस मिळाला तर बाप माणसंही भेटतील, नाहीतर नुसत्या आया आणि म्हातारी. आईला विचारून तारीख कळवतो.

विषय मी सांगतो: आश्रमशाळेत मी किती दिवस गप्प होतो आणि का. ते कोरकूत बोलेन. मराठी करून सांगायला तुमच्यातलं कुणी तयार ठेवा.